वेढणी आणि वेढा : महाराष्ट्रातल्या सराफ मंडळींना खुलं पत्र

आदरणीय सराफ आणि सुवर्णकार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी पेढीवाल्याची नाही, कारागिराची मुलगी. वडील पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या एका माडीवर पाटल्या आणि गोठ घडवायचे. दुकानातला केरसुद्धा टाकायचा नाही, ही आमच्या घरची पहिली शिकवण. अधूनमधून झारेकरी यायचा. तो केर, शेगडीतली राख, फरशीच्या फटीतली माती असं सगळं विकत घ्यायचा, धुवायचा, आणि पाऱ्याने त्यातले सोन्याचे कण धरून काढायचा. वडील म्हणायचे, "सोनं कधी हरवत नाही. ते कुणाकडे गेलं एवढंच आपल्याला कळत नाही."

हे वाक्य मला गेल्या दिवाळीनंतर आठवलं. १८ ऑक्टोबर २०२५ ला धनत्रयोदशी होती. भाव गगनाला भिडले होते तरी तुमच्या दुकानांबाहेर रांगा होत्या. त्यातल्या एका रांगेत मीही होते. दरवर्षीप्रमाणे एक ग्रॅमची वेढणी घेतली, पेढा खाल्ला, घरी आले. आठ दिवसांनी, २६ तारखेला, सुदानच्या पश्चिमेकडचं अल-फाशर हे शहर पडल्याची बातमी वाचली. जवळजवळ दीड वर्ष त्या शहराला वेढा होता. आणि ते पडण्याआधी, सहा महिन्यांपूर्वी, त्याच्या शेजारची झमझम ही विस्थापितांची छावणी पडली होती. वेढा झमझमलाही होता. त्या छावणीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. ‘सराफांचा आणि सुदानचा काय संबंध’ म्हणून पत्र बाजूला ठेवू नका. तोच संबंध सांगायला बसले आहे.

आधी पुण्याचा संबंध सांगते. खडकवासल्याला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, घुमटाची लाल दगडी इमारत आहे, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांची आठवण म्हणून सुदानने जे पैसे दिले, त्यातून ती उभी राहिली आणि १९५९ मध्ये तिचं उद्घाटन झालं. पुढे कितीतरी वर्षं सुदानची मुलं शिकायला पुण्यात येत राहिली. आमच्या वाड्यातही दोघं भाड्याने राहायची. भुईमुगाच्या शेंगा भाजण्यावरून माझ्या आईचं आणि त्यांचं चांगलं जमलं होतं, कारण सुदानही शेंगांचा मुलूख. ते दोघं आता कुठे आहेत, मला माहीत नाही.

झमझम अल-फाशरच्या दक्षिणेला, जेमतेम पंधरा किलोमीटरवर. दारफूर प्रांतात २००३ मध्ये युद्ध पेटलं. तेव्हाच्या सरकारने घोड्या-उंटांवरच्या टोळ्या हाताशी धरल्या, त्यांना लोक ‘जंजाविद’ म्हणायचे. त्यांनी फुर, मसालित, झगावा या समाजांची गावंच्या गावं जाळली. वाचलेल्या लोकांनी जिथे पाल ठोकलं, त्यातलीच ही छावणी. म्हणजे छावणी तात्पुरती, पण तिथे जन्मलेली मुलं वीस वर्षांची होऊन त्यांना मुलं झाली. पालांची मातीची घरं झाली, बाजार भरू लागला, विहिरी झाल्या, मशिदी झाल्या. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्तुममध्ये लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ, एकमेकांवर तुटून पडले आणि नव्या युद्धातले लोक या जुन्या छावणीत येऊ लागले. तिथे पाच लाखांहून जास्त माणसं दाटली. आणि आरएसएफ म्हणजे कोण? त्याच जंजाविदांना २०१३ मध्ये गणवेश, पगार आणि सरकारी नाव देऊन केलेली फौज. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्यापासून पळून ही माणसं झमझमला आली, तेच लोक आता गाड्यांवर मशिनगन लावून त्यांच्या दाराशी उभे होते.

वेढा म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पन्हाळ्याचा वेढा आपण चौथीच्या पुस्तकात वाचलेला असतो. पण आपल्या डोक्यातला वेढा किल्ल्याला पडतो. किल्ल्याला तट असतो, पाण्याची टाकी असतात, धान्याचं कोठार असतं, शिबंदी असते. आणि सगळं संपलंच तर किल्लेदार असतो, तो तह करतो, किल्ल्या हातात देतो, माणसं जीव घेऊन उतरतात. झमझमला कोण किल्लेदार? कसल्या किल्ल्या? छावणीत सशस्त्र लोक लपले आहेत, असं आरएसएफ सांगत राहिली. छावणीच्या आसपास लष्कराच्या बाजूने लढणाऱ्या दारफुरी गटांचे लोक होते, आणि छावणीतल्या काही तरुणांनी राखणीसाठी बंदुका उचलल्या होत्या, हेही खरं. पण पाच लाखांत ते किती? आणि बाकीच्यांनी शरण जायचं तर काय द्यायचं? त्यांच्याकडे द्यायला काही उरलेलंच नव्हतं, म्हणूनच तर ते तिथे होते.

हा वेढा तोफांनी सुरू झाला नाही. तो रस्त्यांवर सुरू झाला. एप्रिल २०२४ मध्ये उत्तरेकडचं मेल्लित गाव आरएसएफच्या हाती गेलं आणि तिकडून येणारी वाट बंद झाली. आसपासची खेडी जळाली. मे महिन्यात अल-फाशरला पाणी पुरवणारं गोलोचं धरण त्यांनी घेतलं. मग प्रत्येक रस्त्यावर नाकी बसली. औषधं आणि कुपोषित मुलांचं खास अन्न घेऊन निघालेले ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चे ट्रक कबकाबिया गावात अडवून ठेवले. तिकडे लष्करी सरकारनेही पाप केलं. चाडच्या सीमेवरचं अद्रेचं नाकं त्याने फेब्रुवारी २०२४ पासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मदतीला बंद ठेवलं. एकाने पुढून दार लावलं, दुसऱ्याने मागून.

त्याच फेब्रुवारीत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने सांगितलं होतं की झमझममध्ये दर दोन तासांनी एक मूल मरतं आहे. १३ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २७३६ क्रमांकाचा ठराव केला: अल-फाशरचा वेढा उठवा. चौदा मतं बाजूने, रशिया तटस्थ, विरोधात कुणीच नाही. वेढा तसाच राहिला. १ ऑगस्टला झमझममध्ये दुष्काळ जाहीर झाला. आपल्याकडे ‘दुष्काळ जाहीर करा’ ही मोर्चातली घोषणा असते, सारामाफी आणि चारा छावणी मागण्यासाठी. तिथे हा शब्द तज्ज्ञांची समिती आकडे तपासून उच्चारते, आणि २०१७ नंतर जगात तो पहिल्यांदा उच्चारला गेला तो या छावणीसाठी. सुदानच्या लष्करी सरकारने काय केलं? दुष्काळ नाहीच म्हणाले, आणि डिसेंबरात त्या मोजणीच्या व्यवस्थेतूनच बाहेर पडले.

आता शेंगांकडे येते. घाण्यातून तेल काढल्यावर उरते ती पेंड. आपण ती म्हशीला घालतो. सुदानमध्ये तिला ‘अम्बाज’ म्हणतात आणि तिकडेही ती गुरांचीच. वेढ्याच्या काळात झमझममधली आणि अल-फाशरमधली माणसं अम्बाज खाऊन जगली. पाण्यात भिजवून, शिजवून, लेकरांना भरवून. तिथल्या सामुदायिक स्वयंपाकघरांना ‘तकिया’ म्हणतात. शब्द आपल्याकडचाच, फकिराचा तकिया असतो तोच, सूफी परंपरेतून आलेला. गल्लीतली माणसं वर्गणी काढतात, परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतात, एक मोठं पातेलं चढतं. ज्वारी मिळेना तेव्हा त्या पातेल्यात पेंड शिजू लागली. पुढे पुढे तीही महाग झाली. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, "पेंड बुरशी लागलेली नव्हती ना?" बुरशी लागलेली पेंड खाऊन गुरं मरतात, हे तिला ठाऊक होतं. तिथली पेंड कधी कधी तशीच असायची.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाचे काही ट्रक कसेबसे झमझमला पोचले. डिसेंबर उजाडला तसे छावणीवर तोफगोळे पडू लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरएसएफने छावणीत शिरून बाजार जाळला, आणि त्या महिन्याच्या २४ तारखेला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने आपलं रुग्णालय बंद केलं, कारण तिथे काम करणं अशक्य झालं होतं. मग ११ एप्रिल आला. तीन दिवस हल्ला चालला. पहिल्याच दिवशी रिलीफ इंटरनॅशनल या संस्थेच्या दवाखान्यात शिरून नऊ कर्मचाऱ्यांना मारलं, आणि छावणीतला उरलेला तो शेवटचा दवाखाना होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नंतर मोजदाद केली, तेव्हा त्या तीन दिवसांत मारल्या गेलेल्या नागरिकांचा आकडा किमान १,०१३ भरला. त्यातल्या ३१९ जणांना पकडून, कसलीही चौकशी न करता ठार केलं होतं. सुमारे चार लाख माणसं निघाली. बरीचशी साठ किलोमीटरवरच्या तविलाकडे, गाढवांच्या गाड्यांवर आणि पायी, उन्हाळ्यात, पाण्याविना. काही उलट दिशेने अल-फाशर शहरात गेली, म्हणजे एका वेढ्यातून दुसऱ्यात.

त्या दुसऱ्या वेढ्याला भिंत होती. ती आतल्यांनी नाही, बाहेरच्यांनी बांधली. आरएसएफने यंत्रांनी माती ओढून शहराभोवती बांध घातला. ऑगस्ट २०२५ अखेर तो ३१ किलोमीटरहून लांब झाला होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे अभ्यासक उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तो आठवड्या-आठवड्याला मोजत होते. तट बांधायचा तो शत्रूला आत येऊ द्यायचा नाही म्हणून, एवढंच आपल्याला माहीत. बाळाला घेऊन पळणाऱ्या बाईला बाहेर पडू द्यायचं नाही म्हणून बांधलेला तट माझ्या ऐकण्यात पहिलाच. २६ ऑक्टोबरनंतर शहरातल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे सोबती मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. त्यापुढचं मी लिहीत नाही. तुमच्याकडे फोन आहेत, हवं तर बघा. मी एकदा बघितलं.

आता सोनं.

आरएसएफचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो, त्याला सगळे हेमेती म्हणतात. उंटांच्या व्यापारातून तो टोळीत आला, टोळीतून सरकारी फौजेत. २०१२ मध्ये उत्तर दारफूरमधल्या जेबेल आमेर या डोंगरात सोनं सापडलं आणि तिथे झुंबड उडाली. हजारो लोक हाताने विहिरी खणू लागले, दगड कुटू लागले, पाऱ्याने कण धरू लागले. थेट आपल्या झारेकऱ्यासारखे, फक्त केर दुकानातला नव्हे, डोंगराचा. २०१७ मध्ये हेमेतीच्या फौजेने त्या डोंगराचा ताबा घेतला. दगालो कुटुंबाच्या अल-जुनैद कंपनीने सोन्याच्या व्यापारात पाय रोवले. जून २०२३ मध्ये अमेरिकेने अल-जुनैदवर निर्बंध लादले. जानेवारी २०२५ मध्ये खुद्द हेमेतीवर आणि संयुक्त अरब अमिरातीत बसलेल्या त्याच्याशी संबंधित सात कंपन्यांवर लादले, आणि त्याच दिवशी आरएसएफने दारफूरमध्ये वंशसंहार केल्याचं जाहीर केलं. आरएसएफला शस्त्रं अमिरातीतून चाडमार्गे जातात या आरोपांत तथ्य दिसतं, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०२४ च्या सुरुवातीला नोंदवलं. अमिराती ते नाकारते, आणि तिने दर वेळी ठामपणे नाकारलं आहे. पण सुदानचं बहुतेक सोनं दुबईला जात आलं आहे, हे उघड आहे. लष्कराच्या ताब्यातल्या खाणींचंही बरंचसं तिथेच जात आलं आहे. या युद्धात दोन्ही बाजूंची तिजोरी एकाच बाजारात भरत आली आहे.

आणि त्या बाजारातून आपणही घेतो. बरंचसं सोनं आपल्याकडे स्वित्झर्लंडहून येतं हे मला माहीत आहे, पण अमिरातीचा वाटाही लहान नाही. मे २०२२ पासून दोन देशांतल्या करारामुळे तिथल्या सोन्याला, वर्षाला ठरावीक टनांपर्यंत, आयात शुल्कात एक टक्क्याची सूटही मिळते. तुमच्या धंद्यात एक टक्का म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आता गंमत बघा. आपण सहज ‘दुबईचं सोनं’ म्हणतो. दुबईत सोन्याची खाण कुठे आहे? तिथे फक्त मूस आहे. मुशीत कुठल्या कुठल्या देशांचं सोनं पडतं आणि बाहेर येते ती एक स्वच्छ, नंबर टाकलेली लगड.

माझ्या बोटातल्या वेढणीत झमझमच्या वाटेवरचं सोनं आहे, असं मी म्हणत नाही. तसं सिद्ध करता येणार नाही, आणि कुणा एका पेढीवर बोट ठेवायला हे पत्र नाही. माझं म्हणणं उलट बाजूने आहे: त्यात ते नाही, असं तुम्ही मला सांगू शकत नाही. हॉलमार्कच्या दागिन्यावर तुम्ही सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरून देता. त्यावरून फोनवर मला कळतं की तो दागिना किती कसाचा, कुणी नोंदवला, कुठल्या केंद्रात तपासला. मजुरी किती, जीएसटी किती, तेही बिलावरून कळतं. सोनं कुठल्या जमिनीतून निघालं, एवढंच कळत नाही. माझे वडील कसोटीवर रेघ ओढून चोवीस की बावीस ते सांगायचे. पण गाव त्यांनाही सांगता यायचं नाही. मला तेव्हा वाटायचं, सोन्याला गाव नसतंच.

तुमची उत्तरं मी मनात ऐकते आहे. "आम्ही बँकेकडून किंवा मान्यताप्राप्त एजन्सीकडूनच घेतो." मान्य. पण बँकही कुणाकडून तरी घेते. "गिऱ्हाईक विचारत नाही." हे शंभर टक्के खरं, आणि यात आम्ही तुमच्याहून जास्त दोषी. नेकलेसची मजुरी आठ टक्के की बारा, यावर अर्धा तास घासाघीस करणारी मी, हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. "सुदानचं सोनं नाकारलं तर तिथले गरीब खाणमजूर उपाशी मरतील." या मुद्द्याने मला खरोखर थांबवलं. लाखो माणसं तिथे खणून पोट भरतात, आणि आंधळा बहिष्कार आधी त्यांच्या मुळावर येईल. पण आज त्यांच्या श्रमाच्या वाटेत जो बंदूकवाला बसला आहे, तो असण्याचं कारणच हे की त्याच्या हातून गेलेलं आणि मजुराच्या हातून आलेलं सोनं दुबईत पोचल्यावर सारखंच दिसतं. फरक दिसायला लागला तर मजुराचं नुकसान होईल असं मला वाटत नाही. चुकत असेन तर सांगा, तुम्हाला बाजार माझ्याहून जास्त कळतो.

आणि "हे अशक्य आहे" असं मात्र म्हणू नका. ते मुंबईतल्या हिरेवाल्यांनी एकदा म्हणून झालं आहे. अंगोला आणि सिएरा लिओनमध्ये बंडखोर हिऱ्यांवर युद्ध चालवत होते, तेव्हा तेच सांगितलं जायचं: पैलू पाडलेल्या हिऱ्याला देश नसतो. २००३ मध्ये किम्बर्ली प्रक्रिया, म्हणजे हिरे अशा युद्धांतून आलेले नाहीत हे दाखवणारी प्रमाणपत्रांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, आली. तेव्हापासून प्रमाणपत्राशिवाय कच्चा हिरा आपल्या देशात अधिकृतपणे येत नाही. त्या व्यवस्थेला भोकं आहेत, पळवाटा आहेत, मोठ्या आहेत. पण प्रश्न विचारायची जागा तरी तयार झाली. सोनं वितळतं, हिरा वितळत नाही, त्यामुळे तुमचं काम जास्त अवघड. म्हणूनच ते वितळण्याआधी, शुद्धीकरणाच्या दारात व्हायला हवं. तुमच्या संघटना अर्थसंकल्पाआधी दरवर्षी आयात शुल्क कमी करा म्हणून दिल्लीला निवेदन देतात. २०१६ मध्ये अबकारी कराविरुद्ध तुम्ही कित्येक आठवडे दुकानं बंद ठेवली होती. म्हणजे एकजूट तुम्हाला जमते. त्याच निवेदनात एक परिच्छेद वाढवा: शुल्कात सूट घेऊन येणाऱ्या प्रत्येक लगडीसोबत खाणीच्या देशाचा पुरावा हवा, फक्त शुद्धीकरण कुठे झालं त्याचा नको. तोवर प्रत्येक पेढीने आपल्या पुरवठादाराला एक पत्र लिहून विचारावं आणि आलेलं उत्तर दुकानात लावावं. उत्तर आलंच नाही तर ‘उत्तर आलं नाही’ असं लावावं.

डिसेंबर २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अली कुशैब या जंजाविद म्होरक्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. गुन्हे २००३-०४ मधले. त्या गुन्ह्यांतून वाचलेली माणसं झमझमला आली, आणि निकाल लागला तोवर झमझमच उरली नव्हती.

पाडवा तोंडावर आला आहे. मी आईचे जुने गोठ मोड घालायला आणणार आहे, एक ठुशी करायची आहे, भाचीच्या लग्नासाठी. काउंटरवरच्या मुलाला विचारीन, वरून जे सोनं घालाल ते कुठून आलंय? त्याला बहुधा माहीत नसेल. त्याच्यावर मी रागावणार नाही, मागे शेठना विचारून ये म्हणेन. गर्दी असली तरी चालेल. मी बाकड्यावर बसते.

आपली नम्र,
एका कारागिराची मुलगी,
पुणे